सुदाम्याच्या गिटारीचं घुं

ऑर्केस्ट्रात गाणी वर्षानुवर्षं तीच असतात, किस्से मात्र दर कार्यक्रमाला नवे मिळतात. आमच्या केजच्या पार्टीकडे तर इतके साठलेत की गाणी बंद करून तेवढेच सांगत फिरलो तरी सुपाऱ्या येतील! आणि त्यातले निम्मे एकट्या सुदाम्याच्या गिटारीचे.

सुदाम्या आमचा गिटारवाला. इलेक्ट्रिक गिटार त्यानं मोठ्या हौसेनं आणली, आणि प्लग लावल्या दिवसापासून ती 'घुंऽऽऽ' करतेय. वाजवली तरी आणि नाही वाजवली तरी!

नाना आमचे मालक, गायक आणि निवेदकही. एक दिवस ते वैतागले. "सुदाम्या, परत घुं झालं की गिटार घरी. कीबोर्डात गिटारीचं बटण हाय."

कीबोर्ड मी वाजवतो. त्या बटणातून गिटार नाही, सर्दी झालेली सनई निघते. पण मालकाला कोण सांगणार? सुदाम्याचा जीव त्या गिटारीत. त्याचा उतरलेला चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

* * *

घुं कमी पडत होतं म्हणून की काय, घाटनांदूरच्या हळदीत नवीनच सुरू झालं. टिक, टिक, टिक. सुदाम्याचं पिक, म्हणजे तारा छेडायची प्लास्टिकची चकती, हरवलं होतं. त्यानं जुन्या एटीएम कार्डातून नवं कापलं. संथ गाण्यात तारांपेक्षा कार्डाचाच आवाज मोठा!

नाना माइक बाजूला करून म्हणाले, "घड्याळ कुणी लावलंय बे स्टेजवर?"

पुढच्या गाण्याला सुदाम्या तुटक्या चपलेच्या रबराचं पिक कापून हजर. टिकटिक एकदम बंद.

"गेला का नाना आवाज?"

"गेला की. गिटारीचापण गेला!"

* * *

मग कुणीतरी ज्ञान दिलं की घुं अर्थिंग नसल्यानं होतं. नांदूरघाटच्या लग्नात मंडपवाल्यानं खांबावर आकडा टाकून वीज घेतलेली. सुदाम्यानं त्याला अर्थिंगचं विचारलं.

"तुमी गाणी म्हनायला आलेत का मीटर तपासायला?"

शेवटी सुदाम्यानं स्वतःच मंडपाच्या कडेला लोखंडी सळई ठोकली, तिला वायर बांधली आणि तांब्यानं पाणी घातलं. थोड्या वेळानं बघतो तर सळईला हळदकुंकू आणि वर आंब्याची पानं! नवरदेवाची मावशी मनोभावे नमस्कार करत होती. आम्ही हसलो तर मावशी भडकली.

"कावून हसता? मुहूर्तमेढ हाय न्हवं ती?"

वायर बघायला सुदाम्या चपला घालून जवळ गेला, तर त्यालाच बोलणी बसली. घुं होतं तसंच होतं.

* * *

एका साहेबांचा वाढदिवस. साहेबांचे कार्यकर्ते फार कामसू. त्यांनी साहेबांचा फोन आमच्याच बोर्डावर चार्जिंगला लावला आणि गिटारीच्या ॲम्पवर ठेवून दिला. दर फोनच्या आधी ॲम्पमधून 'टिरिर्र, टिरिर्र'.

"जरा उचलता का?" सुदाम्या म्हणाला.

"साहेबांचा फोन हाय!"

"गिटारीत आवाज येतोय ओ."

"मग गिटार उचला की!"

नानांना हा तोडगा लई आवडला.

* * *

शेवटी सुदाम्याला एकच उपाय सापडला. तारांवर हात ठेवला की घुं थांबतं, काढला की सुरू. तेव्हापासून दोन गाण्यांच्या मध्येही तो तारा धरून उभा. डास चावला तरी सोडायचा नाही. पेढे आले की मी त्याला भरवायचो!

अशात एका माजी सरपंचांच्या पुण्यस्मरणाला भक्तिगीतांचा कार्यक्रम मिळाला. निघतानाच नाना म्हणाले, "आज घुं झालं तर हा तुझा शेवटचा प्रोग्राम."

भक्तिगीतं अगदी स्वच्छ झाली. सुदाम्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात नानांनीच माइकवर सांगितलं, "आता सर्वांनी हात जोडून, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे."

सगळा मंडप उभा. सुदाम्याचा हात तारांवर. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी डोळे वटारले. सुदाम्यानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. त्यानं हात जोडले.

घुंऽऽऽऽ!

ॲम्प पार मागं आणि हलायची सोय नाही. घुं स्पीकरमधून गावभर चाललेलं. मिटल्या डोळ्यांचे नाना लालबुंद झाले होते.

दोन मिनिटं संपली. कुणी काही म्हणायच्या आत सुदाम्या गपचूप वायर गुंडाळायला लागला. इतक्यात सरपंचांचा मुलगा डोळे पुसत स्टेजवर आला आणि त्यानं नानांचा हातच धरला.

"नाना, लई श्रद्धांजल्या पायल्या. लोक खाकरतेत, फोन वाजतेत. आज एक मानूस हलला न्हाई. त्या सुरानं काळजात पार कालवलं बघा. पुढच्या सालीपन हाच सूर पायजे."

नाना गंभीरपणे म्हणाले, "ती आपली खास पद्धत हाय."

ही गोष्ट गावोगाव पसरली. पुण्यस्मरणाच्या सुपाऱ्या यायला लागल्या. इकडे सुदाम्यानं गिटार लातूरला नेऊन दुरुस्त केली, आतली वायर नवी घातली. नानांसमोर त्यानं प्लग लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि दोन्ही हात वर केले. चिडीचूप! आनंदानं त्याचे डोळे भरून आले होते.

नानांनी ॲम्पला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले,

"जुनी वायर कुठं हाय बे?"