दुसऱ्या वाटीतलं पायस

देवाकडे मागायचं तर स्पष्ट मागावं, असं माझं पहिल्यापासूनचं मत. पण लग्नाला नऊ वर्षं झाली त्या चैत्रात काय मागावं हेच मला कळेनासं झालं होतं. मूल हवं होतं, हे तर उघडच होतं. पण ते कुणाचं मागायचं? आम्ही मंठ्याला राहायचो. ह्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. तपासण्यांत दोष ह्यांच्यात निघाला होता. ह्यांच्यापासून मूल होणं शक्यच नव्हतं. हे आम्हा दोघांना आणि औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनाच ठाऊक. घरात सगळे दोष माझाच धरून चालले होते आणि मी तो धरू दिला होता, कारण लोकांनी ह्यांच्याकडे तशा नजरेनं बघितलेलं मला सोसलं नसतं.

बाईंनी परक्या पुरुषाच्या बीजाचा मार्ग सांगितला. दात्याचं नाव-गाव कधीच कळत नाही, दवाखानाच त्याला निवडतो. ह्यांनी बरेच दिवस विषय काढू दिला नाही, मग एका अटीवर तयार झाले. दाता आपल्यासारखाच हवा, सावळा, उंच, रक्तगटही तोच. बाईंनी तसा शोधला. आम्ही दोघंच असलो की त्याला ‘पाव्हणे’ म्हणायचो. दिवस धरून एसटीनं औरंगाबाद गाठायचं, ते बीज पोटात सोडून घ्यायचं आणि परत यायचं. येताना मी हळूच विचारायचे, “पाव्हणे या खेपेला मुक्काम करतील का हो?” आणि हे हसू दाबत खिडकीबाहेर बघायचे. पाव्हण्यांनी एकदाही मुक्काम केला नाही. चार खेपा वाया गेल्यावर बाई म्हणाल्या, आता दाता बदलून बघू. दुसरा होता, पण तो गोरापान आणि रक्तगटही वेगळा. माझी तिशी उलटलेली होती. आता फार महिने घालवू नका, पुढच्या खेपेला काय ते सांगा, असंही त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीतच ह्यांनी नकार दिला. “गोरं लेकरू झालं तर गावाला काय सांगू? माझं काहीच न्हाई त्याच्यात, मंग मी त्याचा कोन?” मी म्हटलं, “अहो, पहिल्याचं तरी रक्त तुमचं कुठं होतं?” झालं. त्या दिवसापासून ह्यांनी जे तोंड फुगवलं, ते जेवायला वाढलं तरी उतरेना. मला राग यायचा आणि पोटात तुटायचंही. ह्यांच्यावर जबरदस्ती करून मूल आणलं आणि ह्यांनी ते उचलूनच घेतलं नाही तर काय, ही भीती मला मूल न होण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटू लागली.

सासूबाईंनी माझ्यासाठी नवस बोलला होता. त्यासाठी त्यांनी रामनवमीला आम्हा दोघांना जांब समर्थला धाडलं. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात बुवांचं रामजन्माचं कीर्तन रंगलं होतं. ती कथा मी लहानपणापासून ऐकलेली, म्हणून माझं निम्मं लक्ष ह्यांच्या फुगलेल्या तोंडाकडेच होतं. यज्ञातलं पायस दशरथानं तिन्ही राण्यांना वाटलं. मला आधी का दिलं नाही म्हणून कैकयी वाटी हातात घेऊन रुसून बसली, तेवढ्यात घारीनं झडप घातली आणि तिचा वाटा गेला. मग दोघी सवतींनी आपल्या वाटीतलं तिला काढून दिलं. इथं बुवा थांबले. म्हणाले, “आता ती म्हनली का, मला माझीच वाटी पाहिजे? न्हाई. दुसऱ्या वाटीतलं बिनबोभाट खाल्लं, अन् पोटी भरतासारखं लेकरू आलं. दशरथानं तरी विचारलं का, हे कोन्या वाटीतलं? त्यानं बराबर मांडीवर घेतलं.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुवांकडे टक लावून बसले होते आणि डोळे भरले होते.

दुपारी बाराला गुलाल उधळला, पाळणा हलला. पाळण्यात रामाच्या शेजारी कुंची घातलेला, फडक्यात गुंडाळलेला नारळ ठेवतात आणि जिला मूल हवं तिच्या ओटीत तो घालतात. एक अनोळखी म्हातारी तो घेऊन आमच्याकडे आली. मी पदर पसरला. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नारळ सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवला. बायका हसल्या. मी म्हटलं, “आजी, ओटी माझी भरायचीय.” म्हातारी म्हणाली, “तुही भरंल ग बाई. बापाला बी घेऊ दे की जरा. धर रे, मान सांभाळ.” आणि माझ्या नवऱ्यानं, गुडघ्याएवढ्या मोटारी उचलणाऱ्या माणसानं, त्या नारळाखाली अलगद तळहात धरला. मी रडले, अगदी हुंदके देऊन. नंतर पाया पडायला आम्ही तिला शोधलं, पण एवढ्या गर्दीत ती कुठं सापडणार? ती कोण होती, तिला आमचं काय कळलं होतं, मला ठाऊक नाही. तिला काहीच कळलं नसेलही.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “बाईंना सांग, रंग न्हाई, रक्तगट न्हाई, काहीच जुळवत बसू नका. रामराया ज्याच्या हातून देईल त्याच्या हातून घेऊ.” नव्या दात्याची पहिली खेपही फुकट गेली. मी खचले, पण हे म्हणाले, “पाव्हण्याला घर नवीन हाय, वळखू दे की.” पुढच्या खेपेला मला दिवस राहिले.

बाळंतपण जालन्याला झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक जमलेले. आत मी पडल्या पडल्या ऐकत होते. नर्स बाळ घेऊन दारात गेली आणि तिनं विचारलं, “बाप कोन हाय लेकराचा?” ज्या प्रश्नापायी आम्ही अर्धमेले झालो होतो, तो तिनं असा भर दिवसा, सासूबाईंच्या, दिरांच्या, सगळ्यांच्या देखत विचारला. आणि ह्यांचा आवाज इतका मोठ्यानं आला की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठली. “मी हाय. आना हिकडं.”

लेक गोरीपान निघाली. मोठी झाल्यावर तिला आम्ही सारं सांगितलं, आणि हे तिच्या संमतीनंच लिहिते आहे. मागायचं स्पष्ट मागावं, हे माझं मत आजही तेच आहे. फक्त देणाऱ्याला वाटी कुठली ते मी आता सांगत नाही. त्या दिवशी मी खाटेवरूनच हात जोडले होते. बाहेर ह्यांनी लेकीला घेतलं ते कुणाच्याच हातात देईनात, आणि सासूबाई मागून मागून दमल्या.