सावकाश वाजलेली घंटा

कॉलेजात असताना जगभरच्या चळवळींचा ठेका जणू माझ्याकडेच होता. पॅरिसच्या पोरांनी फरसबंदी उखडून पोलिसांवर फेकली, हे मी गावच्या क्रुसापाशी बसून अशा आवेशात सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं पहिला दगड मीच मारला. खराखुरा संप मात्र थोरल्या भावाचा होता. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात तो कामगारांचा पुढारी.

एका दुपारी मालकाचे गुंड टेम्पो घेऊन थेट आमच्या वाडीत आले. दादाला पडवीतून ओढत नेऊन केळींच्या पाटात पाडलं आणि लोखंडी सळयांनी झोडायला लागले. गुडघा फुटल्याचा आवाज मला विहिरीपाशी ऐकू आला. पुरुषमाणसं कामावर गेलेली. मी धावलो चर्चकडे, गावाला हाक घालायला.

आमच्याकडे संकट आलं की घंटा भराभर वाजते. कुणी मेलं, तर एकेक ठोका, थांबून थांबून. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण घंटा जुनी, अवजड, आणि क्रांतिकारकाचे दंड शेवग्याच्या शेंगांसारखे! दोराला लोंबकळलो तरी एका ठोक्यानंतर दुसरा पडेपर्यंत धाप लागे.

बायका आल्या त्या डोक्यावर पदर, हातात जपमाळ घेऊन. लाल लुगड्यातली आमची मावशी पुढे.

"कोण गेलं रे?"

"अजून कुणी नाही! दादाला मारतायत!"

"मग भराभर वाजव ना, मेल्या! सगळा गाव रडायला आणलास!"

जपमाळा कमरेला खोचून त्या वाडीत शिरल्या. पडवीतले कोयते आणि वरवंटा उचलला. मावशीचा पहिलाच घाव एकाच्या मुठीवर बसला. सळई पडली, तिच्याबरोबर अंगठाही. दुसऱ्याचं डोकं वरवंट्यानं फुटलं. त्या दोघांना फरफटत बाकीचे, ड्रायव्हरसकट, कुंपण तोडून पळाले. टेम्पो किल्लीसकट तिथेच राहिला.

त्याच टेम्पोत दादाला घातलं. भाजीची गाडी चालवणारा शेजारी तेवढ्यात पोचला, तो चालवायला बसला. दादाचे डोळे मिटलेले, रक्त थांबेना. मावशीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मरणाऱ्यासाठीची प्रार्थना सुरू केली.

"मावशी," दादा पुटपुटला, "मी आहे अजून."

"मग ओरड ना जोरात! मला कसं कळायचं?"

दवाखाना येईपर्यंत दादा ओरडत राहिला. त्याच्याबरोबर मीही ओरडत होतो, माझं काहीएक दुखत नसताना.