जमिनीवर ठेवलेला पेला

जॉर्डनमधल्या आमच्या करक गावात हायलला तोंडावर सगळे 'उस्ताद' म्हणत आणि पाठ फिरली की 'कागदखाऊ'. मी त्याचा मेव्हणा, त्यामुळं दोन्ही म्हणत आलो. बकऱ्या राखणाऱ्याचा हा पोरगा शिष्यवृत्तीवर बैरूतला शिकला, अम्मानच्या एका वर्तमानपत्रात चिकटला आणि अरबांचं राजकारण, अरबांच्या चालीरीती यांवर उभा जन्म लिहीत राहिला. दोनदा त्याचं सदर बंद पडलं, एकदा पासपोर्ट जप्त झाला. पण नाव झालं ते पहिल्याच पुस्तकानं.

त्यात आमच्या कॉफीच्या रीतीचं कौतुक होतं. कुणाच्या हातून माणूस मेला, की त्याच्या कुळातली माणसं एखाद्या बड्या असामीला पुढं घालून मयताच्या दारी जातात. त्यांना कडू कॉफी देतात. पुढारी पेला तोंडाला न लावता जमिनीवर ठेवतो आणि माफी मागतो. मिळाली तरच पितो. 'कायदा तुरुंग भरतो, हा पेला दोन घरं वाचवतो,' असं हायलनं लिहिलं. ते वाक्य शाळेच्या भाषणांतून, लग्नांतून फिरलं. पुढं त्याचं मत पालटलं. याच पेल्यानं आमची कोर्टं बुडवली, असंही त्यानं लिहिलं. ते कुणी वाचलं नाही.

गेल्या वसंतात त्याचा मुलगा ऐहम गेला. एकुलता एक. दुसऱ्या कुळातल्या एका पोरानं शर्यतीच्या मस्तीत त्याच्यावर गाडी घातली. हायलचं म्हणणं एवढंच, की त्या पोरानं कोर्टात उभं राहून सगळं ऐकावं, पुरी शिक्षा भोगावी. घरच्यांनी माफ केलं, की न्यायाधीशही हात आखडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हायलचा थोरला भाऊ अबू सत्ताम त्या पोराच्या कुळाचा निरोप घेऊन आला. "शुक्रवारी येतायत. माणसं बख्खळ असणार."

"येऊ दे. आली तशी जातील."

"आरं, आपल्या दारातनं कॉफी न पिता? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"आणि ऐहमला मी काय सांगू, दादा?"

अबू सत्ताम जपमाळ ओढत बसला. मग उठता उठता म्हणाला, "मांडववाल्याला सांगितलंय मी."

शुक्रवारी मांडव माणसांनी फुलला. पुढं शेख मिफ्लेह, जुने मंत्री. कॉफी आली. त्यांनी पेला जमिनीवर ठेवला, उभे राहिले आणि खणखणीत आवाजात हायलचंच ते वाक्य म्हणून दाखवलं.

"उस्ताद, हे शब्द आमचे नाहीत, तुमचे आहेत. तुमच्याच शब्दाला धरून दारात उभे आहोत."

मांडवभर "वाहवा" झाली. माझ्यामागचा एक म्हातारा पुटपुटला, "लिहिणारानंच पाठ फिरवली, तर आम्ही अडाण्यांनी काय करायचं रं?"

हायल उठला. एरवी टीव्हीवर चौघांना गप्प करणारा माणूस. "तेव्हा मला मूल नव्हतं," तो म्हणाला. पण माईक अबू सत्तामच्या हातात होता. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं, पलीकडच्या रांगेलासुद्धा नाही. मी तरी काय केलं? त्याची बाही धरून उभा राहिलो.

"शेख, कॉफी घ्या," माईकवर अबू सत्ताम म्हणाला. "सोडला आम्ही आमचा हक्क."

शेखांनी एका घोटात पेला संपवला. सगळ्या मांडवानं श्वास सोडला. त्या पोराचा बाप रडत पुढं आला आणि त्यानं हायलच्या कपाळाचं चुंबन घेतलं. हायलच्या तोंडून निघालं, "या, घर आपलंच आहे." जन्माची सवय. मग माणसांची रांगच लागली आणि प्रत्येकाला तो तेच म्हणत गेला.

रांग सरल्यावर तो आत गेला, मी मागोमाग. माझी बहीण फिद्दा बायकांमध्ये बसली होती. माईकचं सगळं आत ऐकू गेलं होतं.

"तू बोललास काही?" तिनं विचारलं.

"बोललो. ऐकू नाही गेलं."

"बरं. मला तर कुणी विचारायलाच आलं नाही. पोटात मी वाढवला होता ना त्याला?"

हायल भिंतीला टेकला. तो तिच्याजवळ बसायला वाकला, तेवढ्यात बाहेरून अबू सत्तामची हाक आली.

"हायल, आरं शेख निघालेत! गाडीपर्यंत जायला नको?"

त्यानं फिद्दाकडं पाहिलं. तिनं मान वळवली. तो डोक्यावरचा रुमाल नीट करत बाहेर गेला.