सुजाताला हवा होता तो वाद

बातमी आली तेव्हा मी खामगावच्या बसस्थानकावर होते. शिक्षकांचं प्रशिक्षण आटोपलं होतं आणि चिखलीची गाडी लागायची होती. फोन काकूंचा, म्हणजे सुजाताच्या आईचा. "मंगल, ये," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून बायकांचे आवाज येत राहिले. ठेवायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. गाडीत बसल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की मोबाईलवर सुजाताच्या प्रस्तावाचं पान उघडून पाहिलं. नवीन काही आलं नव्हतं. कितीतरी दिवस मी ते पान रोज उघडत होते आणि "आज काही नाही" असं तिला सांगत होते. आता सांगायचं कुणाला, हे चिखली जवळ आल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

सुजाता आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे वडील ती नववीत असताना गेले. काकू अंगणवाडी सेविका, त्यांनी तिला शिकवली. ती इंजिनिअर होऊन पुण्याला गेली, मी बी.एड. करून इथेच इंग्रजी शिकवायला लागले. कंपनीतलं काम संपलं की ती आणखी एक काम घेऊन बसायची. ओपन सोर्स, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पण मोठा बदल करायचा तर थेट हात घालायचा नसतो. आधी प्रस्ताव लिहायचा आणि चारचौघांत मांडायचा. कुठकुठली माणसं त्यातल्या चुका काढतात, आणि त्या भांडणातून जे टिकेल ते करायचं. सुजाताला कोड लिहिण्यापेक्षा हे जास्त आवडायचं. दिवाळीला आली की सांगायची, "मंगे, एका मानसानं माह्या प्रस्तावाच्या पार चिंध्या केल्या. लय मजा आली." चिंध्या झाल्यावर मजा कसली येते, ते मला कळायचं नाही.

मग एके दिवशी तिच्या उजव्या करंगळीखालची अक्षरं उमटेनाशी झाली. तिला वाटलं कीबोर्ड बिघडला, तिने नवा आणला. त्यावरही उमटेनात. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावलं की नसा एकेक करून स्नायूंना सोडून देतील. आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत ताजं राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं... दोन वर्षांच्या आत तिचे दोन्ही हात गेले आणि काकू तिला चिखलीला घेऊन आल्या.

हात नसलेल्या माणसासाठी पडद्यावरचा कीबोर्ड असतो, तोही असाच उघड्या कोडचा. उजेडाची एक पट्टी ओळींवरून सरकत जाते. आपली ओळ आली की गुडघ्याशी बांधलेलं बटण दाबायचं, मग ती त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरते, पुन्हा दाबायचं. इंग्रजीत ते बरं चालायचं. मराठीत अक्षरं कुठेही विखुरलेली. एकदा चुकलं की पट्टी परत पहिल्यापासून. 'पाणी' हा शब्द पुरा होईपर्यंत काकू येऊन पाणी पाजून जायच्या. सुजाता काही दिवस हसली, मग एका दुपारी म्हणाली, "आपल्या बाराखडीले कोनी इचारलंच नाई वं. क, च, ट, त, प. आधी वर्ग निवडायचा, मग अक्षर, मग फक्त मात्राच समोर याव्या. लेकरू शिकते तसं. तू लिव्हशील का? बोट तुहे, डोकं माहं."

मी शाळा सुटल्यावर साडेपाचला जायचे. चार महिने आम्ही तो प्रस्ताव लिहिला. मी इंग्रजीची बाई, मला वाटायचं मला लिहिता येतं. तिने माझं पहिलं पान आठ वेळा पुसायला लावलं. "हे काय भाषन करून राह्यली तू? पह्यल्या पानावर आपला उपाय नाई सांगायचा. कोनाचं काय अडलं, ते सांगायचं." दुसऱ्या पानावर आपण काय करणार, आणि त्याच्याही आधी काय करणार नाही. मग दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले. हा भाग तिने सगळ्यात जास्त घोटला. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, तरच तो आपलं ऐकतो, म्हणायची. आणि एक अट होती. ती स्वतः आजारी आहे, हे कुठेही येता कामा नये. सगळीकडे 'वापरणारी व्यक्ती'. मी विचारलं, काऊन? स्वतःचाच अनुभव आहे, जास्त वजन येईल. ती म्हणाली, "वजन मुद्द्याले पायजे."

प्रस्ताव टाकला. एक आठवडा काही नाही, दोन आठवडे काही नाही. एकाने शीर्षकातली स्पेलिंगची चूक तेवढी दाखवली. तोवर तिचं बोलणं जड व्हायला लागलं होतं. 'र' गेला, मग 'ळ' गेला, मग काकूंना आणि मला सोडून कुणालाच तिचं काही कळेना. रोज साडेपाचला तिचे डोळे दाराकडे लागलेले असायचे. आलं का काही?... नाही. तिचा श्वास दिवसेंदिवस उथळ होत होता, आणि तिकडची माणसं सावकाश, आपापल्या सवडीने... मला ते सहन होईना. एका दुपारी मोकळ्या तासाला, शिक्षकांच्या खोलीत बसून, तिच्या खात्यावरून मी त्या पानावर दोन वाक्यं लिहिली. लेखिकेला असाध्य आजार आहे, तिच्याकडे फार वेळ नाही. कृपया लवकर निर्णय द्यावा.

संध्याकाळपर्यंत पान भरून गेलं. लाल बदाम, जोडलेले हात. तुम्ही किती धीराच्या आहात, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो, तुमचं काम सगळ्यांना प्रेरणा देईल. मी अक्षरशः पळत गेले. तिच्या उशाशी बसून एकेक वाचून दाखवलं, मराठीत करून काकूंनाही सांगितलं. काकूंनी डोळे पुसले. सुजाता ऐकत होती. पाचसहा झाल्यावर तिने डोळे मिटले. मला वाटलं भरून आलं असेल. मग तिने पडद्याकडे पाहिलं, मी बटण गुडघ्याशी सरकवलं आणि ती लिहायला लागली. बराच वेळ लागला. पडद्यावर दोन शब्द उमटले: 'मुद्दा कोणता?'

मी परत सगळं चाळलं. मुद्दा कुणीच मांडला नव्हता. वर्गवार रचना बरोबर की चूक, जोडाक्षरांचं काय, दुसऱ्या भाषांचं काय, एकानेही विचारलं नव्हतं. मरणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? "तुह्यासाठीच केलं मी," मी म्हणाले, आणि रडायला लागले. तिने पुन्हा बटण दाबायला घेतलं. या वेळी वाक्य मोठं होतं, मध्ये दोनदा दम लागला. 'मी तिथे आजारी नव्हते. तेवढी एकच जागा होती.'

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे ते धाडसाने नाही... ते घेऊन एकटीला राहवत नाही म्हणून.

ती दोन वाक्यं मी पुसली, पण वाचायची त्यांनी वाचली होती. तिच्या सांगण्यावरून एक ओळ टाकली: कृपया प्रस्तावाबद्दल बोला. त्यावर आणखी चार बदाम आले. प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी एकाने फार मायेने लिहिलं की आम्ही यावर शांतपणे विचार करू, तुम्ही तब्येतीला जपा. म्हणजे बाजूला ठेवला. सुजाताने मला परत बोल लावला नाही. मी रोज जात राहिले, ती रोज दाराकडे पाहत राहिली. माफी मागायची म्हटलं तर कशी मागणार? ती 'जाऊ दे' लिहिणार आणि त्यात तिची दहा मिनिटं जाणार. मी मागितलीच नाही. प्रशिक्षणाला निघाले त्या सकाळी मी घाईत दारातूनच म्हटलं, "संध्याकाळी येते." तेवढंच.

परवा प्रस्तावावर नवं उत्तर आलं. लिहिणाऱ्याने आधीचं काहीच वाचलेलं दिसत नाही. सुरुवातच अशी: मला ही रचना मान्य नाही. तुम्ही एका भाषेची सोय सगळ्या प्रणालीच्या गळ्यात मारताय. प्रत्येक अक्षरानंतर मात्रांची ओळ उघडली तर ज्या अक्षराला मात्राच नको, तिथे वेळ फुकट जातो, हे तपासलं का? असे सहा मुद्दे, एकाहून एक खडे. शेवटी, लेखिकेने दोन आठवड्यांत उत्तर न दिल्यास प्रस्ताव बंद करावा. कुठे बदाम नाही, कुठे काळजी घ्या नाही. मी ते घेऊन काकूंकडे गेले. दारातच त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"काय वं, काय झालं?"

"काकू, एकजन भांडला."

"खरंच भांडला?"

"हो. चांगलाच भांडला."

काकू खाली बसल्या. म्हणाल्या, "मंग उत्तर दे ना त्याले."

"मले नाई येत, काकू. मी निसती लिव्हनारी होती."

काकूंनी सुजाताच्या खोलीतला दिवा लावला आणि खुर्ची पुढे ओढून दिली. पलंग काढून टाकला आहे, पण खुर्ची अजून भिंतीकडे तिरपी असते, बसणाऱ्याचं तोंड पलंगाकडे यावं अशी. दोन दिवस झाले, मी साडेपाचला जाते आणि त्या सहा मुद्द्यांशी झटते. पहिल्याचं उत्तर तिच्या जुन्या मसुद्यात सापडलं. बाकीच्या पाचांचं तिच्याशिवाय कुणाकडे नाही. तरी लिहिते. एक वाक्य लिहायचं, मोठ्याने वाचायचं आणि थांबायचं... तिला नकार द्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढं थांबायचं. ही सवय जात नाही. काल एक वाक्य वाचलं, मला ते बरं वाटलं होतं. थांबले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला, आणि ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्या काकू आतून म्हणाल्या,

"तिले नाई पटलं ते."

मी वाक्य पुसलं.