पाणी मागून भरतं

माझी मोठी बहीण नागपूरकडे मौद्याजवळच्या खेड्यात राहते. भाऊजी गेल्यावर वर्षभर ती घराबाहेर पडलीच नव्हती, म्हणून मीच तिला चार दिवसांसाठी अंदमानला ओढून नेलं. आम्हा दोघींपैकी कोणीही समुद्र पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी जेल पाहायला गेलो. लोक फोटो काढण्यात गुंग होते. ताई मात्र एका कोठडीत शिरून भिंतीला टेकून उभी राहिली. मी "चल ना वं" म्हटलं तर म्हणाली, "किती शांत आहे अठी." मला ते आवडलं नाही. उन्हाने थकली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी बोटीने एका लहान बेटावर गेलो. ओहोटीला तिथला समुद्र दूर हटतो आणि खडकांचं लांबलचक मैदान उघडं पडतं. खळग्यांमधून निळे मासे पळतात. गाइडने आधीच बजावलं होतं, "तीन बजे तक लौट आना. पानी सामने से नहीं, पीछे से भरता है." मी नुसती मान हलवली.

अडीचच्या सुमारास मी परत फिरले. ताई मागून येतच असेल, असं धरून चालले. वाळूवर पोचून वळून पाहिलं तर ती पार टोकाच्या खडकावर उभी होती. तिच्या पायाखाली कोरडं ठणठणीत. पण जिथून मी आत्ताच चालत आले होते, तिथे पाणी पसरलं होतं. लाट नाही, आवाज नाही. नुसतं वर चढत होतं.

"ताई! परत ये!"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.

गाइड धावला, त्याच्यामागे मी. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. त्याने तिचा हात धरला तेव्हा ती मुकाट्याने आली. येताना पाय घसरला आणि खडकाच्या धारेने तिची पोटरी फाटली. काठावर पोचलो तोवर पाणी छातीपर्यंत आलं होतं.

बेटावरच्या दवाखान्यात टाके घालताना ती म्हणाली, "तू आवाज देऊन राहिली होती, मले आयकू आलं होतं."

"मग काहून नाही आली?"

"पाय उचलावासाच वाटेना. पाणी येते तं येऊ दे, असं वाटलं."

ती हे अगदी सहज बोलली. नर्सला आमचं बोलणं कळत नव्हतं. ती आपली टाके घालत राहिली.

नागपूरला उतरल्यावर मी तिला गावी जाऊ दिलं नाही, सरळ प्रताप नगरला माझ्या घरी आणलं. डॉक्टरकडे नेताना ऑटोत ती भांडली, "मी का येडी आहो?" पण गोळ्या सुरू झाल्या. आता ती पोळ्या लाटते, शेजारणीशी बोलते, क्वचित हसतेसुद्धा. बाहेरगावी नोकरीला असलेल्या तिच्या मुलाला मी फक्त पाय घसरल्याचं सांगितलं आहे.

परवापासून मात्र ती गावी जायचं म्हणते आहे. एकटीच जाईन, म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.