मण्यातली सुई

माझं अक्षर लवकर लागत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी बसला नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चुका होतील, त्या पोटात घालाव्यात. आक्का असत्या तर त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं असतं आणि म्हणाल्या असत्या, "तू सांग, मी लिहिते." पण अलीकडं त्याही लिहीत नव्हत्या. ओळ सोडून अक्षरं भलतीकडं जायची...

आक्का म्हणजे माझी नणंद. नाताळ झाला आणि त्यांच्या छातीत कफ झाला. इथं श्रीरामपूरमधल्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटच्या संध्याकाळी मी उशाशी बसले होते. मला वाटलं, प्रार्थना कर म्हणतील. त्यांनी विचारलं, "दया, दुर्बिणीवर फडकं टाकलंस का? दव पडतं." मी म्हटलं, "टाकलंय." मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. ओठांवर आली होती. पण मला आयुष्यात कधी वेळेवर बोलता आलेलं नाही. सकाळी त्या गेल्या. विचारायचं राहिलं ते माझ्यापाशीच राहिलं आणि रोज दिवेलागणीला दारात येऊन उभं राहू लागलं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आक्का जामखेडकडं शाळेवर होत्या, पुढं कोल्हारला आल्या. त्यांनी लग्न केलं नाही. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे मालक, वारले. मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्यांनी बोलायचं आणि मी ऐकायचं, असं आमचं जमलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेनासं झालं, समोरचं तेवढं राहिलं. ताटातली चटणी दिसायची, ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही. पायऱ्यांवरून एकदा पडल्या. डॉक्टर म्हणाले, थेंब चालू ठेवा, पण मधलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात आक्का एकदम म्हणाल्या, "दया, मला शनी बघायचाय."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. फळ्यावर त्या दरवर्षी शनी काढायच्या, गोल चेंडू आणि भोवती रुंद कडं. एकदा एका पोरीनं उठून विचारलं, "बाई, तुमी बघितलाय?" आणि आक्का म्हणाल्या, "हो, बघितलाय." मला हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. "खोटं बोलले गं मी. सगळ्या वर्गापुढं. आता डोळे आहेत तोवर ते खरं करायचंय. तसंही मला सगळं जग नळीतूनच दिसतं, मग नळी तरी चांगली घेऊ."

शेजारच्या हौसाबाईंना कळलं तेव्हा त्या कुंपणावरूनच म्हणाल्या, "आक्का, शनीला कुनी आपनहून बघतं व्हय? लोकं शिंगणापूरला जाऊन हात जोडत्यात, बाबा, आमच्याकडं नजर वळवू नको म्हनून. आन तुमी नळी लावून त्याच्या तोंडाकडं बघनार!"

"हौसाबाई, तो फार लांब आहे," आक्का म्हणाल्या. "त्याला माझं घर सापडेपर्यंत मी कुठली असायला?"

दोघी हसल्या. मीपण हसले. आक्का गेल्यावर ते हसणं आठवलं की अंगावर काटा यायचा.

नगरला शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणारं एक दुकान आहे, तिथं आम्ही एसटीनं गेलो. दुकानदार अशोकभाऊ भला माणूस. त्यांनी तीन दुर्बिणी मांडल्या. पहिली लांबडी, तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात सहाशे पट असं छापलेलं. आक्कांनी मला ते वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "हा आकडा म्हणजे स्थळानं सांगितलेला पगार. निम्माच धरायचा." अशोकभाऊ हसून म्हणाले, "बाई, निम्मासुद्धा धरू नका. पाय बघा तिचे." स्टँडचे पाय काटकुळे होते, बोट लावलं तरी नळी लटलटायची, आणि ग्रह बघायचा तर नळी हलता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. दुसरी आरशाची, जाडजूड, तीन पायांवर उभी. "ग्रहांसाठी हीच घ्या. आरसा जेवढा मोठा तेवढं बारीक दिसतं." तिसरीही आरशाचीच, पण आखूड; लाकडी बैठकीवर बसवलेली, स्टुलावर ठेवून वापरायची. आक्कांचा हात मोठीवर होता. तिच्यात बघायला मात्र उभं राहून, मान वेळावून वाकावं लागत होतं. मी त्यांच्या पायांकडं बघत होते. परक्या माणसापुढं मी बोलत नाही, त्या दिवशी बोलले. "आक्का, ही खुर्चीत बसून बघता यील." आक्का मोठीवरचा हात काढून म्हणाल्या, "बाईसाहेबांनी आज तोंड उघडलंय, मोडता कसा घालायचा? द्या ही." येताना दुर्बीण माझ्या मांडीवर होती आणि अशोकभाऊंचं बोलणं कानात होतं... आरसा जेवढा मोठा तेवढं बारीक दिसतं.

दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ झालं. शनी तेव्हा दिवेलागणीला पूर्वेकडं वर आलेला असायचा, पिवळसर, न लुकलुकणारा. पुढच्या अंगणात स्टुलावर दुर्बीण ठेवली, शेजारी खुर्ची, घरातले दिवे बंद. नळीच्या वर एक लहान काच असते, तिच्यातला लाल ठिपका ताऱ्यावर आणायचा, हे काम माझं. नळीत बघायचं काम आक्कांचं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळा लावला. बाजूला एक गोल बटण असतं, ते जरा पुढं, जरा मागं असं फिरवत राहिल्या. "सरकला गं," म्हणाल्या की मी पुन्हा ठिपका जुळवायची. मग एकदा त्या श्वास धरल्यासारख्या बसल्या... बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मणी आहे. आणि त्यात सुई खुपसलेली."

"आन कडं?"

"कडं नाही. सुई."

मी वाकून बघितलं. मला नुसता पिवळट डाग दिसला, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा. ना मणी, ना सुई. बटणाला हात लावायची छाती झाली नाही, आक्कांनी जुळवलेलं बिघडेल असं वाटलं. "व्हय आक्का, दिसतंय," मी म्हटलं. आक्कांनी सगळी मान वळवून मला नजरेच्या मधोमध धरून बघितलं. माणूस दिसायला त्यांना तसंच करावं लागायचं. "दिसतंय?" "व्हय." त्या हळू म्हणाल्या, "बरं झालं."

मी मनात समजून चुकले. दुर्बीण लहान पडली. कडं दिसलंच नाही, आणि मी निवडलेली म्हणून माझं मन राखायला आक्का सुई सांगतायत. पुस्तकात केवढं रुंद कडं असतं! पुढं नाताळची चांदणी दारात लावली, तीही त्या दिवेलागणीला बंद करायला लावायच्या आणि आभाळ असेल तेव्हा बसायच्या. मी ठिपका जुळवून आत भाकरी थापायला जायची. त्यांना खरंच काय दिसतं, हे विचारायला एवढे दिवस होते...

मातीला लोक आले तेव्हा हौसाबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "म्या म्हनलं हुतं, त्याच्याकडं बघू नका..." आम्ही असलं काही मानत नाही. चर्चचे पाळकही म्हणाले, मनात आणू नका. पण मन कुठं ऐकतं? शनीनं त्यांना बघितलं आणि त्यांना तो दिसला नाही, एवढंच मला सारखं वाटायचं. फडकं टाकलेली दुर्बीण डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या बाईसारखी दिसायची. मी तिच्याकडं पाठ करून जेवायची.

गेल्या आठवड्यात आक्कांचा मोबाईल वाजला. मी बिचकतच घेतला. "बाई, नमस्कार. अशोक बोलतोय, नगरहून. एका शाळेनं दुर्बीण परत आणली, शनीचं कडं दिसत नाही म्हणून. म्हटलं, तुम्हीही नाराज असाल. अहो, यंदा कडं आपल्याकडं काठ करून आहे. ताट डोळ्यांसमोर आडवं धरलं की नुसती कड दिसते, तसं. दर काही वर्षांनी असं होतं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा."

मी म्हटलं, "आक्का गेल्या."

त्यांनी हळूच विचारलं, "बघितला होता का त्यांनी?"

"मण्यात सुई खुपसल्यावानी दिसतं म्हनायच्या."

"मग बघितला की, ताई! तसाच दिसतो यंदा. अगदी तसाच."

"मला न्हाई दिसला. नुसता डाग."

"तुम्ही बटण फिरवलं नसेल. ज्याच्या त्याच्या डोळ्याला ते वेगळं लागतं. ते बाईंच्या डोळ्याचं होतं."

फोन ठेवला. इतकी वर्षं फळ्यावर कडं काढलं, आणि सुई दिसली तर सुईच म्हणाल्या... त्यांना कडं म्हणणं किती सोपं होतं.

शनी आता मावळतीला गेलाय. त्याच संध्याकाळी मी स्टूल मागच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ नेलं आणि फडकं काढलं. तांदूळ निवडता निवडता उठले होते, चाळिशी नाकावर होती. तिच्या वरून बघत ठिपका जुळवला. खुर्चीत बसले आणि बटणाकडं हात गेला, पण तिथंच थांबला. आक्कांनी ठेवलं होतं तसंच ते होतं. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. फिरवलं की त्यांचा डोळा तिथून जाणार, पुन्हा तो कुणाला जुळवता येणार नाही... मी हात मागं घेतला आणि चाळिशी न काढताच वाकले.

मणी होता. लहान, पिवळा, स्वच्छ. आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली सुई, बारीक, सरळ. आक्का लांबचं बघायला चष्मा लावायच्या आणि मी जवळचं बघायला, त्यातून काय जुळलं ते देव जाणे. बटण हललं नव्हतं. आक्कांना दिसला तसाच मला दिसत होता.

बघता बघता मणी काठाकडं सरकू लागला. मागं कुणीतरी आपली पाळी यायची वाट बघत उभं आहे, असं वाटलं. मी वळून बघितलं नाही. पुन्हा ठिपका जुळवला, खुर्चीतून उठले आणि बाजूला झाले.