पास्कलकाकांचा ट्रक

पास्कलकाका कोणतीही गाडी कधी पुढून बघत नसत. नवी कोरी मोटार दाखवायला कुणी आलं, की ते सरळ मागे जात आणि वाकून दोर बांधायचा हूक शोधत. सापडला तर मान डोलावत. नाही सापडला तर म्हणत, "छान हाय. पन ही एकटीच जगनार, एकटीच मरनार." मालकाचा चेहरा उतरे आणि काका खूश होत.

होळी नावाच्या गावात त्यांची वाडी होती. केळी, भाजी, थोडी फुलं. घरात त्यांची बोली निराळी, मला ती अर्धीच कळे. माझ्याशी ते बाजारात बोलायची मराठी बोलत. वाडीपेक्षा त्यांचा जीव ट्रकवर. लष्कराच्या लिलावातून आलेला, चारही चाकं ओढणारा तो जुना ट्रक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला आणि गावाला वाटून टाकला. सकाळी भाजी, दुपारी किनाऱ्यावर कोळ्यांची होडी ओढायची, पावसाळ्यात पाण्यात अडकलेली माणसं काढायची. भाडं विचारलं की म्हणत, "डिझेल टाक आनि चहा पाज. बाकी देव बघेल. नाय बघितलं तर मी बघीन."

अशाच एका पावसाळ्यात त्यांनी मला काढलं. मी, बायको आणि माझी आई मोटारीत, पाणी दारापर्यंत. काका कमरेइतक्या पाण्यातून दोर घेऊन आले. दोर बांधताना त्यांचा डावा पाय झाकण नसलेल्या गटारात गेला आणि गुडघा पिरगळला. तेव्हा मी काच खाली करून, दोर कुठे बांधायचा हे त्यांना सांगत बसलो होतो.

गुडघा पुन्हा कधी धड झाला नाही. त्या ट्रकचा क्लच म्हणजे दगड दाबण्यासारखा. काकांचं चालवणं बंद झालं. त्यांना भेटलो की मी माफी मागायचो. एकदा ते वैतागले. "गटार पान्याखाली, गुडघा माजा, पाऊस देवाचा. तुजं काय त्यात? रोज रोज कबुली देतोस, मी काय फादर हाय?" पण ओझं उतरलं नाही. मी तसाच आहे. बायको म्हणते, कुणाचं दूध उतू गेलं तरी याला वाटतं गॅस यानेच मोठा केला.

माझं कामणला गिअरबॉक्सचं गॅरेज आहे. एक दिवस काका रिक्षाने आले आणि म्हणाले, "प्रकाश, माज्या ट्रकचा क्लच काढून टाक. दोन पेडलची गाडी कर." मला तर देव भेटल्यासारखं झालं. भंगारात निघालेल्या एका बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी मिळवला. राहिला तो टॉर्क कन्व्हर्टर. क्लचच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा, तेलाने भरलेला जाड डबा. मी काकांना समजावलं: दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल.

"मग निवडायचं काय त्यात?" काका म्हणाले.

"ढिला की टाइट, ते. ढिला असला की इंजिन आधी चढतं, मग गाडी हळूच उचलते. उभी असताना ब्रेकवर फारसा जोर लागत नाही. पण सतत घसरला की तेल तापतं. टाइट असला की इंजिनाची ओढ लगेच चाकाला मिळते, तेल थंड राहतं. पण गाडी उभ्या जागी पुढे सरकायला बघते, ब्रेकवरचा पाय काढता येत नाही."

"होडीला कुटला?"

"ढिला. दोराला झटका बसत नाही."

"भाजीला?"

"टाइट. भरलेल्या गाडीने घाट चढायचा."

"आनि पान्यात?"

मी अडखळलो. पाण्यात दोन्हींचं काम. इंजिन चढतं ठेवायचं, म्हणजे पाणी सायलेन्सरमध्ये शिरत नाही. आणि गाडी तासन् तास मुंगीच्या चालीने न्यायची, त्यात ढिल्याचं तेल तापतं. "पाण्यातही ढिला चालेल," मी म्हणालो. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर ना होडी होती, ना पाणी. काकांचा उरलेला एक पाय होता. त्याला आराम मिळावा, एवढंच. मी ढिला बसवला.

चाचणी किनाऱ्यावर झाली. होडी मोठी, वाळू ओली. काकांनी स्वतः पेडल दाबलं. इंजिन गर्जायला लागलं, ट्रक हलला, होडी निम्मी वर आली आणि तिथेच अडली. काका दाबत राहिले, इंजिन ओरडत राहिलं, चाकं जागची हलेनात. मासळी निवडत बसलेली एक कोळीण ओरडली, "पास्कल, तुजा ट्रक गातो झकास! चालतो कदी?" सगळा किनारा हसला. काकाही हसले. मग तेल जळल्याचा वास आला. मी धावत जाऊन इंजिन बंद करायला लावलं. भरती चढत होती. शेवटी सगळ्यांनी मिळून होडी ओढली, आणि मग ट्रकही.

मी माफी मागायला पुढे झालो, तर काकांनी हात वर केला. "थांब. आता मला इचार करू दे." पुढचे काही दिवस ते काठी टेकत गावभर फिरले. भाजीवाल्यांना, कोळ्यांना, ज्याला ज्याला ट्रक लागतो त्याला विचारत: ट्रक बंद पडला तर तुजं काय बिघडेल? भाजी सुकेल, असं कुणी म्हणालं. होडी उद्या ओढू, असं कुणी. मग गॅरेजवर येऊन म्हणाले, "टाइट लाव."

"काका, होडीच्या दोराला झटका बसेल."

"ऐक. जे पायाने सांभालता येतं ते पायावर सोडायचं. पेडल हलू दाब, झटका नाय बसनार. पन पान्यात मागे मानसं बसवलेली असताना तेल तापलं, तर ते कोनाच्या पायाने सांभालनार?"

पण मी हट्ट धरला. "तुमच्या पायाचं काय? ब्रेक सतत दाबून धरावा लागेल. एकाच पायावर सगळा भार."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पाण्यात अडकलो होतो. "मी चालवनार हे तुला कोन बोल्लं?"

बाहेर त्यांची मुलगी लीना उभी होती. शाळेत शिकवते. तिने ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "प्रकाशदादा, तो क्लच माझ्याने दबत नव्हता. गावात कुणाच्यानेच नव्हता दबत. पप्पांशिवाय ट्रक नुसता उभा होता."

"म्हणजे हे सगळं गुडघ्यासाठी नव्हतंच?" मी विचारलं.

"गुडगा गेला तेवा कललं," काका म्हणाले, "गावाचा ट्रक एका मानसाच्या पायावर चालतो. ही चूक माजी. तुजी नाय."

मला राग आला, हे इथे लिहून टाकतो. महिनाभर मी त्यांना पुन्हा गाडीवर बसवायला राबलो होतो, आणि त्यांनी मला राबू दिलं. तसं बोलूनही दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "तू मला बसवत होतास. ते तुजं समाधान. मी मधे कशाला येऊ? पन कन्व्हर्टर गाडीसाठी निवडायचा, बाबा. समाधानासाठी निवडलास की तेल जलतं."

टाइट कन्व्हर्टर बसवला. पुढचा पावसाळा लीनाने काढला. काका शेजारी बसून सूचना देत आणि ती म्हणे, "पप्पा, गप्प बसा, नाहीतर उतरवीन." ते गप्प बसत. एवढं आज्ञाधारक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पास्कलकाका झोपेतच गेले. शवपेटी ट्रकवरून न्यायची असं गावाने ठरवलं. दुसरं काही कुणाला सुचलंही नाही. लीनाच चालवणार म्हणाली. मी चाकाशेजारून चालत होतो. लोक प्रार्थना म्हणत होते आणि ट्रक पुढे जायला बघत होता. घरापासून देवळापर्यंत, म्हणजे त्यांच्या चर्चपर्यंत, सगळा वेळ तिने ब्रेक दाबून धरला. माणसं चालत होती त्याच चालीने ट्रक चालला. एकदाही हिसका बसला नाही.

देवळाच्या दारात तिने इंजिन बंद केलं. उतरायला गेली तर उजवा पाय थरथरत होता. "पाय भरून आला, दादा," ती म्हणाली. माझ्या ओठांवर माफी आली होती. मी ती गिळली आणि तिला हात दिला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून पास्कलकाकांना खाली उतरवलं.